आमची वाटचाल: ऑक्सिजनचं मशीन घरी पोहोचल्यानंतरचं काम

सांगलीत आमची सुरुवात हॉस्पिटलमधली सक्शन मशीनं आणि नेब्युलायझर दुरुस्त करण्यापासून झाली. सीओपीडीचा, म्हणजे फुफ्फुसातल्या वाटा अरुंद होऊन कायम दम लागण्याच्या आजाराचा, पेशंट घरी सोडताना डॉक्टर विचारायचे, "ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं मिळेल का?" म्हणून मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारी मोजकी मशीनं घेतली आणि याच कामात रमलो. आमच्या पेशंटमध्ये विडी-सिगारेट ओढलेले पुरुष असतातच; पण उभं आयुष्य चुलीच्या धुरात गेलेल्या, विडीला कधी हातही न लावलेल्या आज्ज्याही बऱ्याच असतात.

या मशीनमध्ये ऑक्सिजन भरावा लागत नाही. खोलीतलीच हवा आत ओढली जाते. झिओलाइट या खनिजाचे दाणे भरलेली दोन नळकांडी असतात. दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नळीतून ९० ते ९५ टक्के ऑक्सिजन येतो. दर काही सेकंदांनी येणारा फुस्स आवाज म्हणजे धरलेला नायट्रोजन बाहेर सोडला जातोय. त्या आवाजाला घाबरून मशीन बंद करणारी घरं आम्ही पाहिली आहेत, म्हणून हे पहिल्याच दिवशी समजावतो.

एप्रिल-मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, फोन रात्रभर वाजायचा. आम्ही भाडं वाढवलं नाही, त्याचं आजही समाधान आहे. त्याच दिवसांत 'एक ते सात लिटर' लिहिलेली छोटी, स्वस्त मशीनं बाजारात आली. त्यातली बरीच एक लिटरवर ठीक चालायची, पण फ्लो, म्हणजे नळीतून मिनिटाला येणारी हवा, सातवर नेला की ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या आसपास यायचा. घरच्यांना हे कळणार कसं? तेव्हापासून मशीन देताना आम्ही ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारा ॲनालायझर लावून आकडा त्यांच्यासमोरच दाखवतो. लाट ओसरल्यावर कित्येक मशीनं माळ्यावर गेली. बंद राहिली की दमट हवेनं दाणे खराब होतात. मग मशीन सुरू होतं, फ्लो दिसतो, पण ऑक्सिजन पुरेसा नसतो. असं मशीन दाणे बदलल्याशिवाय आम्ही परत देत नाही.

'ऑक्सिजन येत नाही' या तक्रारीचं कारण मात्र पुष्कळदा साधं निघतं. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण तिरकं बसलेलं असतं, नाहीतर नळी खाटेच्या पायाखाली दबलेली असते. फोनवरच सांगतो, "काकू, नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात धरा, बुडबुडे येतात का बघा."

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही मशीन देत नाही. ऑक्सिमीटरवर ९० दिसलं की घरचे घाबरून फ्लो वाढवतात. सीओपीडीत डॉक्टर बहुतेकदा ८८ ते ९२ च ठेवायला सांगतात, कारण जास्त ऑक्सिजननं काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. त्यामुळे चिठ्ठीतला फ्लो आम्ही मशीनवरच ठळक लिहून चिकटवतो. देवघरातला दिवा आणि गॅसची शेगडी लांब ठेवायला लावतो.

गावाकडं खरी काळजी लाईटची. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट घेतं. घरातला छोटा इन्व्हर्टर त्यावर फार वेळ टिकत नाही. म्हणून सोबत ऑक्सिजनचा बी टाइप (मध्यम आकाराचा) सिलिंडर देतो. भरलेला असेल तर तो २ लिटरच्या फ्लोवर १२ तासांच्या आसपास पुरतो. नळी मशीनवरून सिलिंडरवर कशी घ्यायची, हे घरातल्या निदान दोघांना करता येईपर्यंत आमचा माणूस तिथून निघत नाही.