रिपोर्ट माझा, आधी कळला मावशीला

मागच्या वर्षी माझा रिपोर्ट मला कळायच्या आधी मावशीला कळला. तिने काळजीपोटी दवाखान्यात फोन लावला, "मी तिची मावशी बोलतेय" म्हणाली आणि रिसेप्शनवरच्या मुलीने सगळं वाचून दाखवलं, पार आकड्यांसकट!! संध्याकाळपर्यंत सात नातेवाइकांचे फोन, त्यात दोघांनी तर पथ्यपाणी पण सांगून टाकलं.

मी जाम भडकले होते, की डॉक्टरकडची गोष्ट बाहेर जातेच कशी. पण नंतर वाचत बसले तर कळलं की जाते, आणि बरेचदा जायलाच हवी. म्हणजे मला दुसऱ्या स्पेशालिस्टकडे पाठवलं तर फाइल तिकडे पोचायला नको का, नाहीतर ज्या औषधाची मला ॲलर्जी तेच तो लिहून देणार. टीबीसारखा आजार असेल तर सरकारी आरोग्य खात्याला कळवावं लागतं, कोर्टाचा आदेश आला तर कागद द्यावे लागतात. इन्शुरन्सवाल्यांना पण द्यावं लागतं, फक्त क्लेम गुडघ्याचा असताना डिप्रेशनच्या गोळ्यांची चौकशी कशाला? अमेरिकेच्या कायद्यात यावर सरळ नियम आहे, उपचार सोडून बाकी बहुतेक कामांसाठी माहिती द्यायची तर त्या कामापुरतीच द्यायची. मला हे फार पटलं.

सगळ्यात अवघड केस कॅलिफोर्नियाची. १९६९ मध्ये एका तरुणाने सायकॉलॉजिस्टला सांगितलं की मी एका मुलीला जिवे मारणार आहे. सायकॉलॉजिस्टने विद्यापीठाच्या कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी पोराची चौकशी करून त्याला सोडून दिलं, पण त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणी काही बोललंच नाही, आणि त्या पोराने खरंच तिचा जीव घेतला. १९७६ मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं, जिच्या जिवाला धोका आहे तिला वाचवायला थेरपिस्टने हातपाय हलवलेच पाहिजेत, गुपित गेलं तरी चालेल. वाचून अंगावर काटा आला.

आता यातल्या कुठल्या खान्यात माझी मावशी बसते सांगा? मी शुद्धीत होते, फोन चालू होता, मला एकदा विचारलं असतं तर झालं असतं.

शेवटी दवाखान्यात जाऊन फाइलवर लिहून घेतलं, माझ्याशिवाय फक्त नवऱ्याला सांगायचं. मावशीला हे अजून माहीत नाहीये. ती परवा परत फोन करणार आहे.