काळी पाच

आमच्या गावात ईस्टर उजाडायचा तो कबरस्तानात. नेवासे तालुक्यातलं गाव, ख्रिस्ती वस्ती साठ-सत्तर उंबऱ्यांची. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ वर्षात दोनच कामं जीव ओतून करायचा: नाताळचं नाटक आणि ही पहाटेची उपासना. नाटकावरून भांडणं कशावरूनही व्हायची. पहाटेच्या उपासनेत मात्र भांडण एकच, गाण्याच्या पट्टीचं, आणि त्याला कारण माझी आई. ती गाणं उचलायची ते काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात. पुरुषांचे आवाज अंतऱ्याला पोचता पोचता फाटायचे. पेटीमास्तर चिडून म्हणायचे, "बाई, मेलेले उठायच्या आधी जिवंत माणसं मारू नका."

खरी मजा आदल्या दिवशी. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरची सात प्रवचनं बसून ऐकलेल्या आम्हा पोरांना शनिवार म्हणजे सुटकाच वाटायची. खुरपी घ्यायची, काँग्रेस गवत उपटायचं, बादलीत चुना कालवायचा आणि एकेका कबरीला हात द्यायचा. ज्याच्या घरचं कोणी मुंबई-पुण्याला गेलं असेल त्याची कबर संघाकडे. आम्ही कबरींवर बसून भेळ खाल्ली आहे, आणि तेव्हा कोणी रागावल्याचं आठवत नाही.

सगळ्या कबरी एकाच दिशेच्या. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. असं का, म्हणून आजीला विचारलं तर म्हणाली, "उठून बसल्यावर तोंड उजेडाकडे नको का?" तिच्या बोलण्यात हे इतकं साधं होतं, जणू बाज कुठल्या अंगाला टाकायची तेच सांगतेय.

कुंपणाच्या कोपऱ्यात नुसते दगड होते, हातभर अंतरावर एकेक. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, मिशनच्या आसऱ्याला आलेली पोरं तिथे पुरलेली, आणि त्यांच्या शेजारी १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे तापाच्या मोठ्या साथीत, गेलेली माणसं, असं जुनी मंडळी सांगत. नाव एकाही दगडावर नाही. बादलीत उरलेला चुना त्यांचा, हा आजीचा नियम. "आपल्याला नावं ठाऊक नाहीत. ज्याला ठाऊक असायला हवीत त्याला आहेत," एवढं बोलून ती ब्रश माझ्या हातात द्यायची.

पहाटे चारला फेरी निघायची. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे आकाशात चंद्र ठरलेला. हनुमान जयंतीही बहुतेक आगेमागेच, तेव्हा मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाची गॅसबत्ती आणि कधी कधी टाळसुद्धा आमच्याकडे असायचे. वाटेत घरोघरी हाक, "सलाम! ख्रिस्त उठला आहे!" आतून झोपेतलं उत्तर यायचं, "खरोखर उठला आहे", आणि मग कडी काढल्याचा आवाज.

कबरस्तानात सतरंज्या पडल्या की संघाचा चिटणीस वर्षभरात प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं वाचायचा. त्यानंतर पाळकसाहेबांचा संदेश. त्यात पंडिता रमाबाई यायच्याच. एकुलती एक मुलगी मनोरमा २४ जुलै १९२१ ला गेली, आणि त्या दुःखातही रमाबाई केडगावला बायबलच्या भाषांतराला चिकटून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. ही गोष्ट आम्हाला इतकी पाठ होती की पाळकसाहेब थांबले तर आम्ही पुढचं वाक्य सांगितलं असतं. आई एकदा चहाच्या वेळी त्यांना म्हणाली, "पाळकसाहेब, त्या आठ-नऊ महिन्यांत बाई रडल्या की नाही, ते तुम्ही कधी सांगत नाही."

आईचा हा हट्टच होता. मयतीत कोणी "रडू नका, ते प्रभूजवळ गेले" असं म्हटलं की ती उखडायची. बायबलातला योहानाचा अकरावा अध्याय काढायची. मेलेल्या लाजराला आता उठवायचंय हे येशूला ठाऊक होतं, तरी तो त्याच्या कबरीकडे जाताना रडला. मग आपल्यालाच बंदी का? पौलानेही थेस्सलनीकाच्या मंडळीला रडू नका असं लिहिलेलं नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं रडू नका असं लिहिलंय, हा फरक मला पुढे कितीतरी पाळकांनी प्रवचनांतून समजावला. आईने तो भाकरी थापताना सांगितला होता.

२०२० चा ईस्टर, १२ एप्रिल, घरात बसून गेला. दुसऱ्या वर्षी एप्रिलअखेरीला आई दवाखान्यातून परत आली नाही. मी पिंपरीत, फोनच्या पडद्यासमोर. प्लास्टिकचे पोशाख घातलेली चार माणसं, फाटकाबाहेरून पाच मिनिटांची प्रार्थना, बस. गाणं नाही. जिने गावातल्या प्रत्येक मयतीत गाणं उचललं, तिला गाण्याशिवाय मातीत ठेवलं. "ती प्रभूजवळ आहे" हे मलाही ठाऊक होतं, आणि ते ऐकवणाऱ्यांचे फोन मी कट करत होते.

२०२२ ला उपासना पुन्हा भरली. १७ एप्रिल. आदल्याच दिवशी हनुमान जयंती झालेली, देवळापुढचा मांडव तसाच होता. आईची कबर अजून मातीचीच, तिला चुना लागत नव्हता. मी तिच्या उशापायथ्याचे दोन दगड रंगवले आणि बादली कोपऱ्यातल्या पोरांकडे नेली.

पहाटे तीन वर्षांची नावं एकदम वाचली. चिटणिसाने मध्ये थांबून पाणी प्यायलं. आईचं नाव आल्यावर मी मान खाली घातली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं लक्ष तिथल्या मातीकडे गेलं. ती चांगली ओली होती. कोणीतरी रात्री येऊन पाणी शिंपडून गेलं होतं.

मग गाणं. कोणी उचलेना. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. पेटीमास्तर आता ऐंशीच्या घरातले, चष्मा वर सरकवत त्यांनी भाता ओढला आणि सूर दिला. काळी पाच.

पहिली ओळ कशीबशी निघाली. अंतऱ्याला सगळ्यांचेच आवाज फाटले, मास्तरांचा सगळ्यांत आधी. पट्टी मात्र त्यांनी खाली आणली नाही.