बर्बन स्ट्रीटवरचे नसलेले ऑपेरा हाऊस

न्यू ऑर्लिन्समधल्या पहिल्या तीन दिवसांबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. पावसात भिजले आणि पिठीसाखरेने माखलेले बेन्ये (तिथले तळलेले गोड पाव) खाल्ले, इतकेच. चौथ्या दिवशी मात्र बर्बन आणि टुलूज या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, तीन मद्यालयांतून तीन वेगवेगळी गाणी कानांवर आदळत असताना, मी एका नसलेल्या इमारतीसमोर अर्धा तास उभी होते.

या जागी फ्रेंच ऑपेरा हाऊस होते. आता हॉटेल आहे. आत जाऊन चौकशी केली, तर स्वागतकक्षातल्या तरुणाने मला अत्यंत नम्रपणे ऑपेराची तिकिटे दुसरीकडे कुठे मिळतात ते सांगितले.

चार्ल्स बुदुस्किए या व्यवस्थापकाचे जुन्या ऑर्लिन्स थिएटरच्या नव्या मालकाशी बिनसले, म्हणून वास्तुविशारद धाकटे जेम्स गॅलियर यांच्याकडून हे नवे थिएटर उभे राहिले आणि १ डिसेंबर १८५९ रोजी रोसिनीच्या ‘गियोम टेल’ या ऑपेराने त्याचा पडदा उघडला. किर्लोस्कर मंडळीतून गंधर्व मंडळी निघाल्याची कथा ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटू नये. पुढच्याच वर्षी सतरा वर्षांची गायिका अडेलिना पॅटी येथे ‘लुचिया’ हा ऑपेरा गायली.

मला मात्र गायिकांपेक्षा तिथल्या जाळीच्या बॉक्सनी, म्हणजे जाळी लावलेल्या प्रेक्षक-कक्षांनी, अधिक गुंतवले. गरोदर स्त्रियांनी आणि दुखवट्यात असलेल्यांनी चारचौघांत मिरवणे त्या समाजाला रुचत नसे. त्यांनी जाळीआड बसावे, सगळे पाहावे, ऐकावे, पण कोणाच्या नजरेस पडू नये, अशी ती सोय होती. ही सहृदयता म्हणावी की कोंडमारा, हे मला तेथे उभ्या उभ्या ठरवता येईना. माझी आजी विधवा झाल्यानंतर कधी नाटकाला गेली नाही. थिएटरामागच्या गल्लीत नणंदेचे घर होते, त्याच्या माडीवर दिवा न लावता बसून ती पदे ऐकत असे, आणि वन्समोअर मिळाला की तेच पद पुन्हा.

४ डिसेंबर १९१९ च्या आगीत हे थिएटर गेले. साठ वर्षे आणि तीन दिवस. ते पुन्हा कोणी बांधले नाही.

जाळीचे बॉक्स नेमके कोणत्या बाजूला असतील, याचा अंदाज घेत मी मान वर केली, तेव्हा समोरच्या उघड्या बाल्कनीतून कोणीतरी ओरडत जांभळ्या मण्यांची माळ भिरकावली आणि ती माझ्या छत्रीच्या काडीत अडकली.