शिष्यांच्या जागेवर बसलेली मंडळी

रविवारच्या उपासनेत वाचायचे बायबलचे उतारे ज्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात ठरलेले असतात, त्यात 'अ' वर्ष आले की ऑगस्टच्या मध्यावर कनानी स्त्रीचा उतारा येतो, मत्तय १५:२१-२८. आजारी मुलीसाठी ही परकी बाई ओरडत येशूच्या मागे येते. तो आधी गप्प राहतो, शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, मग तो म्हणतो, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणे बरे नाही. ती म्हणते, कुत्रीही धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. तेव्हा येशू तिचा विश्वास मोठा म्हणतो आणि मुलगी बरी होते. २०२३ मध्ये तो २० ऑगस्टला होता, २०२६ मध्ये १६ ऑगस्टला. जोडीला यशया ५६ मधले वचन असते, की माझे मंदिर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनामंदिर म्हटले जाईल. उपदेश मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेला: बाईने चिकाटी सोडली नाही, तुम्हीही सोडू नका, म्हणजे मिळेल.

यात खोटे काही नाही, पण हा उपदेश अर्ध्यावर थांबतो. ज्यांच्या घरात आजारी मूल आहे आणि वर्षानुवर्षे प्रार्थना चालू आहे, त्यांना 'तिचा विश्वास मोठा होता' हे वाक्य 'तुमचा कमी पडला' असे ऐकू येते. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे न सुटणारे दुखणे, काढावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा राहिला (२ करिंथ १२). हे त्याच रविवारी एका वाक्यात तरी सांगावे. चिकाटी म्हणजे यंत्रात नाणे टाकणे नव्हे, हे पौलाएवढे कोण सांगणार?

उताऱ्याच्या आजूबाजूलाही बघायला हवे. आधीच्याच अध्यायात पाण्यावरून चालताना बुडू लागलेल्या पेत्राला येशू अल्पविश्वासी म्हणतो, आणि इथे सोर-सीदोनाकडच्या परक्या बाईला मोठ्या विश्वासाची म्हणतो. मत्तयाने हे दोन प्रसंग इतके जवळ ठेवले आहेत की वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटू नयेत. या उताऱ्याच्या लगेच आधी हात न धुता जेवण्यावरून, म्हणजे विटाळावरून, वाद झालेला आहे. वेळ असेल तर १० व्या वचनापासून वाचावे. मराठी श्रोत्याला त्या वादाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. आणि ती मागते तो चुरा बघा. चौदाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घालून बारा टोपल्या उरल्या आहेत. पुढे याच अध्यायात चार हजार जेवतील आणि सात उरतील. दोन उरलेल्या जेवणांच्या मध्ये एक बाई चुऱ्यासाठी हुज्जत घालते आहे.

येशूचे गप्प राहणे आणि कुत्र्यांबद्दलचे ते उत्तर कठीण आहे. 'तो फक्त तिची परीक्षा पाहत होता' असे म्हणून आपण मोकळे होतो, पण मत्तय तसे कुठेच म्हणत नाही. कठीण आहे ते कठीणच राहू द्यावे. श्रोत्यांना ते झेपते.

आता खरा मुद्दा. हा उतारा ऐकताना आपण सगळे त्या बाईच्या जागी जाऊन उभे राहतो. पण मंडळी म्हणून आपण जमलेलो असतो तेव्हा आपली जागा शिष्यांची असते. येशूच्या जवळ, ओळखीची माणसे भोवती, आणि मागून कोणी ओरडत आले की म्हणायचे, हिला पाठवून द्या, फार त्रास देते आहे. जी मुलगी आजारी आहे ती तर उताऱ्यात दिसतही नाही. ती घरी आहे, तिच्या विश्वासाची चौकशी कोणी करत नाही. चिकाटी दाखवली ती आईने. मार्क २ मधल्या पक्षाघात झालेल्या माणसाचेही तेच. त्याला खाली सोडायला छप्पर उचकटणाऱ्यांचा विश्वास पाहून येशू बोलला. म्हणून दाराशी आलेल्या माणसाकडून चिकाटीची अपेक्षा करण्याआधी मंडळीने आपली चिकाटी तपासावी. ती तपासायची जागा म्हणजे दार, बाक, माइक आणि प्रार्थनेची वही.

त्या रविवारचे वाचन एकाने सपाट आवाजात उरकू नये. चार आवाज करा: निवेदक, येशू, ती बाई आणि शिष्य. शिष्यांचे वाक्य छापून सगळ्या मंडळीला द्यावे आणि सगळ्यांनी एकदम म्हणावे. मग दहा सेकंद काहीच बोलू नये. सरावाशिवाय केले तर लोक हसतात, कारण कुणाचे आधी येते, कुणाचे मागाहून. त्यासाठी निवेदकाने मान वर करून खूण द्यायची एवढे ठरवून घ्यावे. बाईचा भाग शब्बाथ शाळेतल्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गातल्या, गोड आवाजाच्या मुलीला देण्याचा मोह होतो. देऊ नका. ती बाई ओरडते आहे. थोरल्या वयाच्या, खणखणीत आवाजाच्या बाईला द्या.

दाराचे बोलायचे तर दोन माणसे पुरतात, एक बाई आणि एक पुरुष. उपासना सुरू होण्याआधी वीस मिनिटे उभे राहावे आणि सुरू झाल्यावरही निदान पंधरा मिनिटे हलू नये. नेमकी चूक इथे होते. पहिले गीत सुरू झाले की दारावरचे लोक आत जाऊन बसतात, आणि नवखा माणूस हटकून उशिराच येतो, कारण त्याला रस्ता माहीत नसतो आणि आत जावे की नाही हे त्याचे फाटकाशी उभे राहून ठरत असते. 'सलाम' म्हणावे, 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक हातात द्यावे आणि पहिल्या गीताचे पान काढूनच द्यावे. फळ्यावर नुसता क्रमांक लिहिलेला असतो. तो पानाचा की गीताचा, हे नव्या माणसाला कळत नाही.

आणि दोन प्रश्न दारावर विचारूच नयेत: आडनाव काय आणि मूळ गाव कोणते. विचारणारा सहज विचारतो असे म्हणेल, पण महाराष्ट्रात या दोन प्रश्नांतून काय काढून घ्यायचे असते ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ज्याला विचारले त्यालाही. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या तरी सोयरीक जुळवताना जात पाहणारी घरे आपल्यात आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही. त्याऐवजी विचारा: बसायला पुढे आवडेल की मागे? पंख्याखाली? नंतर चहाला थांबाल ना?

नव्यांना उभे करून टाळ्या वाजवण्याची पद्धत बंद करावी असे माझे ठाम मत आहे. फोटो काढून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे तर त्याहून वाईट. येणाऱ्याच्या घरी माहीत नसते, कधी नोकरीच्या ठिकाणी माहीत होऊ द्यायचे नसते. आपल्या हौसेपायी त्याच्या घरात भांडण लागते आणि तो पुन्हा येत नाही. मग आपण म्हणतो, विश्वासात टिकला नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला तेव्हा त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही ख्रिस्तभक्त घेतले होते. शंभर वर्षांपूर्वी त्यांना जमले ते आपल्याला हजेरीच्या वहीत जमू नये? वहीत नाव आणि फोन एवढेच दोन रकाने ठेवा, तेही इच्छा असेल तर.

बाकांबद्दल याकोबाने दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवले आहे. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला 'तू तिकडे उभा राहा'. आपल्याकडे अंगठीपेक्षा घराणे चालते. तिसरा बाक अमुक साहेबांचा, असे कुठे लिहिलेले नसते, पण चुकून बसलेल्या माणसाला कोणीतरी खांद्याला हात लावून उठवते. यावर उपाय एकच: ज्यांचे ते बाक समजले जातात त्यांनीच महिन्यातून एकदा मागे बसायचे. पाळकसाहेबांनी हे व्यासपीठावरून सांगू नये, त्यांच्या घरी जाऊन सांगावे. जिथे बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात, तिथे दोन बाक मिश्र ठेवावे लागतात. अंध नवऱ्याला बायकोचा हात धरून बसायचे असते, व्हीलचेअरवरच्या आईला मुलगा जवळ लागतो.

व्हीलचेअरसाठी उताराचे गणित साधे आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट, म्हणजे अठरा फुटांचा रॅम्प. गवंडी तीन पायऱ्यांवर सिमेंट ओतून पाच फुटांत तो संपवून देतो. त्यावरून खुर्ची वर न्यायला चार माणसे लागतात आणि खाली येताना ती उलटण्याची भीती असते. जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवावा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, वरती दारापाशी पाच फूट सपाट जागा, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागे घसरते. गुळगुळीत फरशी बसवू नये. पावसाळ्यात तिच्यावर धडधाकट माणूसही पडतो. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी. दुहेरी दाराचे एकच पान उघडून दुसऱ्याला कडी घालायची सवय असते, ती कडी रविवारी काढावी.

रॅम्प झाला की मंडळीला वाटते काम झाले. आत खुर्ची लावायची कुठे? बहुधा मधल्या वाटेत, म्हणजे अर्पणाची थैली फिरताना आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रांगेत ती सगळ्यांना अडते. किंवा अगदी मागे, खांबाआड. मधल्या एखाद्या बाकाचा तीन फूट तुकडा कापावा, खोली चार फूट मिळेल असे पाहावे, आणि उरलेल्या बाकावर त्याच्या घरचे बसतील. शौचालयाची पायरी लोक हमखास विसरतात. त्यामुळे माणूस सकाळपासून पाणी न पिता उपासनेला येतो, आणि हे तो कोणाला सांगतही नाही.

कमी दिसते पण वाचता येते अशांसाठी मोठ्या अक्षरांच्या चार-पाच प्रती पुरतात. १८ पॉइंटच्या खाली जाऊ नये, ओळींत अंतर भरपूर ठेवावे, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत गुंततात. कागद चकचकीत नको. ऐकू कमी येणाऱ्यांना लोक पहिल्या बाकावर, म्हणजे थेट स्पीकरसमोर बसवतात. श्रवणयंत्र सगळाच आवाज वाढवते, पंखा आणि ढोलकीसुद्धा. स्पीकरपासून बाजूला, पण उपदेशकाचे ओठ दिसतील अशी जागा द्यावी. व्यासपीठामागे खिडकी असेल तर पडदा लावा, नाहीतर बोलणाऱ्याचा चेहरा काळा दिसतो. सांकेतिक भाषेत सांगणारे कोणी असेल तर त्यांना उपदेशाचा मजकूर आणि गीतांचे शब्द शुक्रवारपर्यंत द्यावेत, आणि त्यांना कोपऱ्यात नव्हे तर उपदेशकाच्या शेजारी, उजेडात उभे करावे.

यातले काय कोणाला हवे हे त्यालाच विचारावे. रस्त्याकडेला भीक मागणारा बार्तीमय (मार्क १०) आंधळा आहे हे येशूला दिसत होते, तरी त्याने विचारले, मी तुझ्यासाठी काय करावे? लोक मात्र त्याला गप्प राहा म्हणून दटावत होते. न विचारता माणसाच्या डोक्यावर हात ठेवून बरे होण्याची प्रार्थना सुरू करणारे उत्साही भाऊ प्रत्येक मंडळीत एक-दोन असतातच. त्यांना वेळीच आवरावे. कोणी उपासनेला आला आहे तो उपासनेसाठी आला असेल.

प्रभुभोजनाबद्दल थोडक्यात. कोणी घ्यावे याचे नियम चर्चगणिक वेगळे आहेत, ते बदला असे इथे म्हणणे नाही. पण नियम जो काही असेल तो आमंत्रणाच्या वेळी मोठ्याने आणि सौम्यपणे सांगा. आता जो तो शेजाऱ्याकडे बघून अंदाज करतो आणि वेदीपाशी जाऊन अपमान होतो. जे घेणार नाहीत त्यांनी हात छातीवर आडवे धरून पुढे यावे, त्यांना आशीर्वाद मिळेल, एवढी सोय पुष्कळ ठिकाणी चालते. गव्हाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळी ताटली ठेवायची तर ती झाकलेली असावी आणि वाढणाऱ्याने तिला आधी हात लावावा, नंतर गव्हाच्या भाकरीला. भाकर प्याल्यात बुडवून देत असाल तर त्यांचा प्यालाही वेगळा लागतो, हे हमखास राहून जाते. कॅथलिक मिस्साला, म्हणजे त्यांच्या उपासनेत, गहू पूर्ण वगळता येत नाही. तिथे कमी ग्लुटेनची (गव्हातले ज्याने त्रास होतो ते प्रथिन) होस्तिया, म्हणजे प्रभुभोजनाची पातळ चकती, चालते, किंवा नुसता द्राक्षारस घेता येतो.

उरली प्रार्थनेची वही. विनंत्या लिहून घेतल्या जातात, दोन रविवार वाचल्या जातात आणि नव्या नावांखाली जुनी गाडली जातात. ज्याचे दुखणे लांबते त्याचे नाव सर्वांत आधी गळते, कारण तेच तेच वाचायला आपल्याला कंटाळा येतो. वहीत प्रत्येक नावापुढे तारीख घाला आणि शेवटचे कधी विचारले त्याचा वेगळा रकाना करा. महिन्याच्या पहिल्या बुधवारी महिला मंडळाने किंवा तरुण संघाने प्रत्येकाला फोन करावा. फोनवर 'काही फरक?' असे विचारू नये. फरक नसला की माणसाला तोच आपला गुन्हा वाटतो. 'या आठवड्यात काय मागू?' असे विचारावे. उत्तर कधी औषधाच्या पैशांचे येईल, कधी रात्री दवाखान्यात झोपायला माणूस हवा असे येईल. तेही त्याच वहीत लिहावे, आणि त्यापुढे मदतीला जाणाऱ्याचे नाव घालावे. आणि घरच्यांनी सांगितल्याशिवाय कोणाचेही नाव वहीतून खोडू नये.