स्विच बिचारा उगाच बदनाम

“होस्टवरून पिंग मस्त आहे, व्हीएममधूनच रडतंय. म्हणजे स्विचचाच घोळ!” आज कानावर पडलेलं हे वाक्य काही डोक्यातून जाईना. (होस्ट म्हणजे खरं मशीन, व्हीएम म्हणजे त्यावर चालणारं आभासी मशीन, स्विच म्हणजे मशीन्स नेटवर्कला जोडणारा डबा, आणि पिंग म्हणजे पॅकेट पाठवून ते परत यायला किती वेळ लागतो ते मोजणं.)

अहो, त्याच केबलवरून होस्टचा पिंग मस्त असेल तर स्विचकडे बोट दाखवण्यात काय अर्थ?

पिंगची शेवटची ओळ नीट बघा. सरासरी 2 मिलिसेकंद, सगळे तिथेच खूश. शेजारी कमाल 38! बहुतेक पॅकेट 0.3 मध्ये परततात, मधूनच एखादं अडकतं. आता लिनक्स व्हीएममध्ये ‘टॉप’ ही कमांड चालवा आणि सीपीयूच्या ओळीतला शेवटचा आकडा वाचा, ‘एसटी’. व्हीसीपीयू, म्हणजे व्हीएमचा आभासी प्रोसेसर, कामाला तयार होता, पण हायपरवायझरने (होस्टवरचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) खरा कोअर दुसऱ्याच व्हीएमला दिला, तो हा वेळ. पॅकेट दारात येऊन पडलेलं असतं, उचलायला कुणी नसतं. तो आकडा सतत 10 टक्क्यांवर असेल तर नेटवर्कवाल्यांना फोन करू नका.

यावर आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे व्हीएमला आणखी व्हीसीपीयू देणे. होस्ट आधीच भरलेला असेल तर त्याने ओढाताण वाढतेच.

एसटी शून्य असेल तर केव्हीएमवर (लिनक्समधला हायपरवायझर) व्हीएमच्या आभासी नेटवर्क कार्डाचं मॉडेल तपासा. ई1000 (खऱ्या इंटेल कार्डाची नक्कल) दिसलं तर व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेलं कार्ड) करा. व्हीएममध्ये विंडोज असेल तर ड्रायव्हर आधी टाका, नाहीतर रीबूटनंतर कार्डच गायब!

तुमच्या होस्टवर एका कोअरमागे किती व्हीसीपीयू वाटलेत, कुणी मोजलंय का?