दोनशे रुपयांचा दगड

मागच्या महिन्यात घर शिफ्ट केलं तेव्हा सामान उचलायला आलेला पोरगा गोणपाटात गुंडाळलेल्या एका वस्तूपाशी अडला, जरा उचलून बघितली, परत खाली ठेवली आणि म्हणाला, ताई ह्यात दगड आहे का? म्हटलं हो, दगडच आहे. आईचा पाटा, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचाच. तिसरा मजला, लिफ्ट बंद, त्याने दोनशे जास्त मागितले आणि मी गुपचूप दिले.

शाळेत ज्वालामुखी म्हणजे शंकूसारखा डोंगर आणि टोकाला लाल खडू, नावं सगळी लांबची, फुजियामा नाहीतर व्हेसुव्हियस. बाई सांगायच्या की पृथ्वीच्या कवचाचे दोन मोठे सरकते तुकडे, म्हणजे प्लेट, भिडतात, एक दुसरीच्या खाली घुसते आणि मग ज्वालामुखी होतो. खरंच आहे ते, अंदमानातलं बॅरन बेट असंच झालंय, आपली प्लेट तिथे शेजारणीच्या खाली जातेय, सोबत समुद्राचं मुरलेलं पाणीही नेते आणि त्या पाण्यामुळे वरचा तापलेला खडक लवकर वितळतो (पाण्याने दगड वितळतो हे मला पचायलाच दोन दिवस लागले).

पण आपल्या सह्याद्रीचं तसं नाही. 6.6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून प्रचंड तापलेला खडक वर येत होता आणि नेमकी आपली प्लेट त्याच्यावरून चालली होती. तापलेला असला तरी खोलवर तो घट्टच असतो, दाबच एवढा की वितळणार कुठून, वर येईल तसा दाब कमी होतो आणि मग वितळतो. कुकरमधलं पाणी 120 डिग्रीला गप्प असतं आणि शिटी वर उचलली की उसळतं ना, साधारण तसंच. मग टोकदार डोंगरबिंगर काही नाही, नुसत्या लांबलचक भेगा आणि त्यातून पसरणारा लाव्हा, थरावर थर, आज उरलाय तोच 5 लाख चौरस किलोमीटर. घाटात डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात त्या ह्याच थरांच्या.

प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून भोकं पडतात, आतला भाग सावकाश निवतो म्हणून घट्ट. पाट्याला हा घट्टच लागतो, नाहीतर चटणीत कच. आमच्या पाट्याच्या कोपऱ्यात मात्र तिळाएवढी दोन भोकं आहेत आणि एकात पांढरा दाणा, लहानपणी मला वाटायचं मीठ अडकलंय, सुईने टोकरत बसायचे. निघाला नाही कधी. बहुतेक झिओलाइट नावाचं खनिज असणार, लाव्हाच्या अशाच पोकळ्यांत पाणी झिरपून तयार होतं ते.

गंमत म्हणजे तापलेला खडक जिथून वर येत होता ती चूल विझलेली नाही, आपणच तिच्यावरून उठून उत्तरेला निघून आलो. येताना मागे लक्षद्वीप, मालदीवची रांग, वर पोवळी आणि खाली लाव्हा. मॉरिशसही त्याच चुलीवरचं, तिथे गेलेल्या मराठी माणसांना पायाखाली पुन्हा काळा दगडच मिळाला! आता ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों दे ला फुर्नेज ज्वालामुखी अजूनही अधूनमधून पेटतो.

हे सगळं मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं, ती लसूण सोलत होती. म्हणाली, असेल बाई, पण पाटा आता पार गुळगुळीत झालाय, ह्या नव्या एरियात त्याला टाकी लावून खरबरीत करून देणारा कोणी फिरतो का बघ.