अमानातलं प्रेम आणि त्याची वर्षभराची परीक्षा

आजचा अख्खा दिवस अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या अमाना वसाहतींवरच्या, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाने वसवलेल्या सात गावांवरच्या, ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांत गेला. एक चूक त्यांत पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे नायिका आपल्या घरच्या चुलीवर नायकासाठी पाव भाजते. अमानातल्या घरांत स्वयंपाकघरच नसायचं! १८५५ पासून १९३२ पर्यंत सगळं सामाईक होतं. एकेका सामुदायिक स्वयंपाकघरात तीस-चाळीस माणसं जेवायची, बायका एका टेबलावर, पुरुष दुसऱ्या. प्रार्थनागृहातही दारं वेगळी, बाजू वेगळ्या. मग भेट होणार कुठे? भाजी निवडताना, मळ्यात, दूध आणायच्या वाटेवर. नजरानजर रंगवायची ती तिथेच.

खरी कथा दडलीय त्या काळच्या लग्नाच्या नियमात. मुलगा चोवीस वर्षांचा हवा, मुलगी वीसची. पंथाच्या वडीलमंडळींनी होकार दिला तरी वर्षभर थांबायचं, आणि बहुतेकदा दोघांपैकी एकाची रवानगी दुसऱ्या गावात. सातच गावं, काही मैलांच्या अंतरावर, तरी केवढा दुरावा! हे वर्ष लेखक दोन पानांत उरकतात तेव्हा जीव हळहळतो.

त्यांची श्रद्धाही नुसती पार्श्वभूमी म्हणून वापरू नये. ब्रह्मचर्य तिथे वरचं मानत. पंथाची प्रेषिका बार्बारा हाइनेमान हिने १८२३ मध्ये लग्न केलं आणि तिची दैवी वाणी थांबली, ती परतली १८४९ मध्ये. दफनभूमीत तर क्रम मृत्यूच्या तारखेचा, नवरा-बायको शेजारी नाहीत. सारखेच साधे दगड, ओळीने.